आमदारांच्या घरून बोलतेय

४ फेब्रुवारी
सूनबाई आमदार होऊन आज वर्ष झालं. मतदारसंघ तिचा, पण सांभाळतंय कोण? ती सभागृहात बसते. इकडे दाराशी येणाऱ्या माणसाला उत्तर मीच देते. जप आटोपला की दहा ते बारा फोनशेजारी. खोटं बोलत नाही. देवाला स्मरून लिहिते, मी आमदार आहे असं एकदाही म्हटलेलं नाही. आमदारांच्या घरून बोलतेय, एवढंच म्हणते. घरूनच बोलतेय ना? पलीकडचा माणूस खुर्चीतून उठून बोलायला लागतो, हे आवाजावरून कळतं. उठतो तो त्याचा प्रश्न.
पाणीखात्याला आज पुन्हा फोन. आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी शिंपीण कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या वाहते. कंबर धरलीय तिची, मशीनवर बसवत नाही. खोलीत नळ हवाय. साहेब म्हणाले, झालंच समजा. शिंपिणीला म्हटलं, तू ऑफिसात खेटे घालू नकोस, मी आहे ना.

९ फेब्रुवारी
गल्लीत पाणी सहाला येतं. माझी आंघोळ त्याआधी. गेली कित्येक वर्षं आदल्या दिवशीच्या शिळ्या पाण्याने आंघोळ करून देवापुढे बसतेय. हे देवाला तरी बरं वाटत असेल का? फोन केला. उद्यापासून साडेचारला.
ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, गल्लीला विचारलंस का? गल्लीच्या भल्याचं गल्लीला काय विचारायचं!

१२ फेब्रुवारी
वरच्या रस्त्यावरच्या प्रसूतिगृहात दोन दिवस सकाळचं पाणी नाही म्हणे. तिथली नर्स दारात येऊन बरंच बोलून गेली. आमचं पाणी लवकर सोडायचं तर त्यांचं तोडावं लागतं. हे साहेबांनी मला सांगायला नको होतं? मी काय पाइपात शिरून बघणार?
जेवताना सूनबाईने विचारलं, वेळ कोणी बदलली? म्हटलं, खात्याने. खरंच आहे. पाणी मी थोडीच सोडते! ती वाढलेलं ताट तसंच ठेवून लिहायला बसली. फार कष्ट करते पोर. अन्न वाया जायला नको म्हणून तिची पोळी मी खाल्ली.
संकल्प: पाण्याची वेळ परत सहा. आणि तापदायक गोष्टी यापुढे तिच्या कानावर घालायच्या नाहीत.

२० फेब्रुवारी
सूनबाई विधेयक आणतेय! लोकप्रतिनिधीच्या नातेवाइकांनी फोनवरून सरकारी कामात ढवळाढवळ करायची नाही. मी टाळी वाजवली. विरोधी पक्षाचे ते मिशीवाले आमदार, त्यांच्या मेव्हण्याची आता बरी जिरेल. ऑफिसाऑफिसांत फिरतो, जसा काही हाच निवडून आलाय.
सूनबाईने मसुदा हातात दिला. म्हणाली, आई, नीट वाचा. विशेषतः कलम चार. वाचलं. मी त्या काळची मॅट्रिक आहे, मला काय अवघड? एक वेलांटी चुकली होती ती दाखवून दिली. कलम चारात भाऊ, मेव्हणे, सासू, सासरे अशी यादी आहे. म्हटलं, सासऱ्यांना कशाला गोवतेस, हे बिचारे पेपराबाहेर कुठे असतात? तिने कपाळाला हात लावला. डोकं दुखत असणार. बाम दिला, थोडाच.

२६ फेब्रुवारी
विधेयकाला पाठिंबा म्हणून सह्या गोळा करतेय. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घेतली, नवा कागद आणला नाही. भाजीवाला म्हणाला, आजी, तुम्हीसुद्धा? म्हटलं, सगळ्यांत आधी मी. तो इतका हसला की काटा चुकला, आणि माझ्या बाजूने चुकला. पाणीखात्याच्या साहेबांनी अख्ख्या ऑफिसच्या सह्या दिल्या, शिपायासकट. एवढा उत्साह मी सरकारी ऑफिसात आजवर पाहिला नव्हता.
शिंपीण नळाचं विचारत होती. झालंच समज, म्हटलं. तर म्हणते, काकू, समजून समजून बादल्या भरतेय. जीभ अगदी कात्रीसारखी. तरी सोडून दिलं. माझ्यामागे राज्याचं काम आहे.

३ मार्च
विधेयक तपासणाऱ्या समितीपुढे सामान्य माणसालाही बोलता येतं. तीन मिनिटं. नाव नोंदवलं.
सूनबाई म्हणाली, आई, नका. चिरंजीव म्हणाला, आई, तू घरूनच पाठिंबा दे. बायकोच्या ताटाखालचं मांजर! आईचं नाव होईल तर ह्याच्या पोटात दुखतं. मी जाणार.

७ मार्च
गेले. चालत गेले, रिक्षाचे पैसे वाचले.
मेव्हण्याची चामडी सोलली. पण नुसती टीका करणारी मी नाही. आदर्श नातेवाईक कसा असतो तेही सांगितलं. मी रोज फोन करते, पण कोणाच्या चहाचा घोट घेतलेला नाही. शाळेच्या फाटकाचा रंग मी बदलून घेतला. पोस्टाची पेटी मी हलवून घेतली. पाण्याची वेळ तर एका फोनवर. कागद नाही, अर्ज नाही, कोणी का म्हणून विचारलंसुद्धा नाही!
लिहून घेणारी मुलगी म्हणाली, आजी, जरा हळू, सगळं यायला हवं. तीन मिनिटं संपली तर अध्यक्षांनी आणखी दिली. शेवटी मिशीवाले स्वतः उठले. म्हणाले, असले प्रकार खरंच चालतात का, अशी आमच्या पक्षाला शंका होती, आजींनी ती साफ दूर केली, आमचाही पाठिंबा. शत्रूसुद्धा विरघळला!
सूनबाईने तोंड पदराने झाकून घेतलं होतं. आनंद आवरत नसेल.

१५ मार्च
विधेयक पास. एकमताने. पेपरवाल्यांनी नाव ठेवलंय, सासू कायदा. ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मी विचारलं, अजून कोणाच्या सासूच्या नावाने कायदा झालाय का? नाही म्हणाले. मग!

१६ मार्च, सकाळी दहा
पाणीखात्याला फोन. साहेब बसून बोलत होते. म्हणाले, आजी, कलम चार. आणि ठेवला. माझ्या तोंडावर ठेवला.
सूनबाईला सांगितलं, त्या माणसाची बदली कर. ती म्हणाली, आई, तुम्हाला वाचायला दिलं होतं. म्हटलं, दिलं होतंस, पण माझं सगळं लक्ष त्या मेव्हण्यावर होतं. आणि माझ्या भाषणाने पास झालेला कायदा मलाच लागू कसा? चिरंजीव तोंडावर रुमाल धरून खोलीत गेला.
ठीक आहे. फोन बंद केलात, पाय आहेत. कायद्यात रांगेला बंदी नाही, मी पाहिलंय. उद्या शिंपिणीला घेऊन स्वतः खिडकीवर जाते. नळ घेतल्याशिवाय हलणार नाही. दाखवतेच एकेकाला.

१७ मार्च
दोन तास रांग. शिंपीण पुढे, मी मागे. साहेब शेजारून गेले, नमस्कार केला, थांबले नाहीत. जागा कोणीच दिली नाही. जप करत उभी राहिले, मोठ्याने.
खिडकीतल्या मुलीने शिंपिणीचं नाव पाहिलं. म्हणाली, ताई, तुमचं जानेवारीतच मंजूर आहे. घरमालकाने एकदा समक्ष येऊन हो म्हणायचं तेवढं राहिलंय.
शिंपीण तडकली. मग इतके दिवस सांगितलं का नाही? मुलगी म्हणाली, कसं सांगणार? रोज आमदारांच्या घरून फोन यायचा, काम का झालं नाही म्हणून. त्यांना तोंड वर करून अमुक राहिलंय म्हणायची छाती कोणाची? सगळे झालंच समजा म्हणून मोकळे व्हायचे.
मग तिने विचारलं, घरमालक कोण?
शिंपीण वळून माझ्याकडे बघायला लागली. मग रांगही वळली.
घर माझ्या नावावर आहे.
मी हो म्हटलं. मुलीला ऐकू गेलं नाही. मोठ्याने म्हणा म्हणाली.