एकोणपन्नास मिनिटं

वासणा, बडोदे
१२ फेब्रुवारी २०१९

प्रिय आनंद,

केम छो? पत्र बघून हसशील. फोनच केला असता, पण फोनवर तू "सोड गं नयना" म्हणतोस आणि मी सोडते.

आई मजेत आहे. तुला पुण्याची नोकरी लागल्याचं कळताच जुन्या शहरात घडियाळी पोळेत जाऊन पेढे घेऊन आली आणि अख्ख्या सोसायटीत वाटले. शेजारच्या नलिनीबेनना सांगत होती, "जावई कृष्णविवरांवर काम करतात. लग्न आता उन्हाळ्यात." नलिनीबेन म्हणाल्या, "ए शुं होय?" तर आई म्हणते, "एक तारा असतो, त्याचं सगळं ते कृष्णविवर ओढून घेतं. तरी दोघं एकमेकांभोवती फिरतातच." बाई गं! माझं बोलणं इतकं नीट तिने कधी ऐकलं?

आता मुद्दा. आपल्या कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूची तबकडी दर एकोणपन्नास मिनिटांनी क्ष-किरणांत उजळते, हा आपला शोध. त्यावरच तुझी निवड झाली. गणित माझं होतं.

ज्या उपग्रहाच्या नोंदी आपण वापरल्या, त्याला पृथ्वीची एक फेरी मारायला अठ्ठ्याण्णव मिनिटं लागतात. बरोबर दुप्पट. मला तेव्हा खटकलं नाही, खरंच नाही. नंतर खटकलं, म्हणून त्याच उपग्रहाने घेतलेल्या रिकाम्या आकाशाच्या नोंदीला तेच गणित लावून पाहिलं. तिथे ना तारा, ना कृष्णविवर. तरी एकोणपन्नास मिनिटं! तबकडी उजळत नव्हती रे. प्रत्येक फेरीत दोनदा यंत्रातच खोट्या नोंदी वाढतात, आणि त्या वजा करताना मी नुसती सरासरी धरली, म्हणून त्यांचा चढउतार तसाच मागे राहिला.

हे मला कधी कळलं, ते लिहायचं टाळतेय. तुझ्या मुलाखतीच्या आठ दिवस आधी.

गप्प बसले. तुझ्यासाठी बसले असं स्वतःला सांगते. पण "नोकरी लागली की लग्न" हे तूच म्हणाला होतास, आणि मी पस्तिशीची झाले. कुणासाठी गप्प बसले, काही कळत नाही. डोक्याचा नुसता भुगा झालाय. तू चिडशील, की सोड म्हणशील? सोड म्हणालास तर मला हाश, सुटले, असं वाटेल. आणि मग तुझ्याशी लग्न करावंसं वाटेल का, तेही कळत नाही.

आईने तुझ्यासाठी पेढ्यांचा डबा ठेवलाय. तो पाठवायला मन होईना.

सोबत शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र आहे. दोघांच्याही सह्या लागतात. माझी केली आहे.

तुझी, म्हणजे ते आता तू ठरव,
नयना