दारावर कोण होतं

लिंकन, संत मार्टिनच्या सणानंतरचा सोमवार

सबीनाताई,

देव तुला आणि लेकरांना सुखी ठेवो. माझे बूट फाटलेत, बाकी ठीक. इथे उतारावर एक बाई बाम माशाची पाई विकते, खाल्लीस तर आईचा हात विसरशील. काल अस्वलवाला आला होता. अस्वलाच्या तोंडात दात नव्हते, तरी लोक पळत होते. मीही पळालो.

तू धनगराच्या हाती ऑस्बर्टदादाची खबर विचारलीस. सांगतो. आधी दुसरं सांगतो.

आपल्या ब्रॅकन्थॉर्पच्या टेंपल मठातले सगळे तलवारधारी बंधू, त्यांत आपला दादाही, इथल्या किल्ल्यात कोंडलेत, ते तुला ठाऊकच आहे. पांढरे झगे पोत्यासारखे झालेत. बंद दाराआड ते क्रूसावर थुंकतात, असा बोभाटा. पण पाहिलेलं कुणी नाही. चौकशीला आलेल्या पोपच्या पंडितांना बाहेरचा साक्षीदार हवा होता. मी गेलो आणि पाहिलं म्हणून सांगितलं.

रागावू नकोस. मठाधिपती रॅनल्फ विसरलीस का? मठाच्या कुळांनी मठाच्याच चक्कीवर पैसे मोजून दळायचं, आणि आबांनी घरच्या जात्यावर दळलं, तर दारात येऊन म्हणाला, "मठाची चक्की काय चावते तुझ्या दाण्यांना?" जातं फोडलं, तेही सोसलं असतं. पण त्याने आपल्या छपरावरचा क्रूस उतरवायला लावला. मठाचा क्रूस असेतो जकातवाला आपल्या वाटेला जात नव्हता. क्रूस गेला, आणि पुढच्याच बाजारी जकातवाल्याने बैल अडवला. आबा अंगावर धावून गेले. कोठडीतून आपल्याला मिळालं ते मढं. तेव्हापासून मी गावोगाव भटकतोय, ते हौसेने नाही.

तर साक्ष. हात ग्रंथावर ठेवून म्हणालो, "पहाटेची बैठक होती. प्रार्थनाघराच्या फटीतून पाहिलं. मठाधिपती थुंकला."

रॅनल्फने शेजाऱ्याला विचारलं, "हा कोण?"

ताई, त्याला मी आठवतसुद्धा नव्हतो!

पंडित म्हणाला, "दारावर कोण होतं?" त्यांच्या बैठकीला एक बंधू उपसलेली तलवार घेऊन दाराशी उभा असतोच.

मठाचा चक्कीवाला मागून ओरडला, "ऑस्बर्ट! नेहमी तोच. दुसरा कोण होता एवढा ताड?"

दादाला पुढे आणलं. दाढी छातीपर्यंत आलीय.

"काय पाहिलंस?"

"काही नाही महाराज. घडलंच नाही, तर दिसेल काय?"

"मग हा खोटा? याचं तुमच्या मठाशी वैर आहे?"

वैऱ्याची साक्ष ते धरत नाहीत. दादा नुसता 'हो' म्हणाला असता तर साक्ष तिथेच मोडली असती, आणि माझ्या पाठीची सालटी निघाली असती.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "वैर कसलं? साधा पोरगा आहे तो."

"मग खोटा तू."

त्याला बेड्या घालून तळघरात नेलं, रॅनल्फच्या शेजारी. बोलतं करणारी माणसं शुक्रवारी यायची आहेत. ती काय करतात ते तुला लिहीत नाही. जाताना दादा हळूच म्हणाला, "जेवतोस ना रे वेळेवर?"

दारावर दादा असतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही, असं मी चक्कीवाल्याला सांगितलं. खानावळीत सगळ्यांना तेच सांगितलं. तुलाही तेच लिहिणार होतो.

पण आपल्या छपरावरचा क्रूस उतरवला त्या दिवशी तू जोगिणींच्या मठात धुणं धूत होतीस, तू पाहिलं नाहीस. रॅनल्फ घोड्यावरून उतरलाही नव्हता. त्याने नुसती मान हलवली. शिडी दादा चढला. आपल्याच घराला शिडी लावून चढला. आबा खाली उभे होते, म्हणाले, "जपून रे, गवत निसरडं आहे." आणि त्याने क्रूस उपटला.

दारावर कोण असतो ते मला पक्कं ठाऊक होतं.

तू येऊन आमचं वैर पंडितांना सांगितलंस तर दादा वाचेल. माझं काय होईल ते होवो. मी पळणार नाही, पण माझ्या तोंडाने सांगणारही नाही. शुक्रवारच्या आत काय ते ठरव.

भाऊ म्हणून सही करायला हात धजत नाही.

आबांचा मुलगा,
थर्स्टन