शकुनचं शुभंकरोति

अमरावती, ता. १२ मे १९५७

चि. सौ. तारेस, वसंतदादाचे अ. उ. आ.

तू पाठवलेल्या ज्वारीच्या बिबड्या पोचल्या. तुझी रमावहिनी म्हणते, अकोल्याच्या उन्हाला दुसरा काही उपयोग नसला तरी बिबड्या मात्र कडकडीत वाळतात. वकीलसाहेबांना सांग, मेहुण्याचा हेवा करू नका, तुमच्या वाटणीच्या मीच संपवतो आहे.

आता कामाचं. इथल्या एका शाळेत ऐकू न येणाऱ्या मुलांचा वर्ग निघाला आहे. इंदूबाई म्हणून एक शिक्षिका मुंबईहून शिकून आल्या आहेत. मी त्यांना शकुनबद्दल सगळं सांगितलं. दोन वर्षांची असताना मेंदूज्वर झाला, डावा कान गेला, उजव्याला जवळून मोठ्याने बोललं तरच थोडं कळतं. त्या म्हणाल्या, तेवढा कान पुरे आहे, पोर बोलेल. त्या मुलांच्या खुणा बंद करत नाहीत. आधी खुणेवरून वस्तू, मग वस्तूवरून शब्द, अशी त्यांची रीत. पण सातच्या आतलीच मुलं घेतात आणि शकुन चैत्रात सहाची झाली. ती आमच्याकडे राहील. वहिनीने तिच्यासाठी खिडकीजवळची जागा रिकामीसुद्धा केली. आता नाही म्हणू नकोस.

घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, शकुनला पापा.
तुझा,
वसंतदादा

अकोला, ता. २० जून १९५७

ती. दादास, तारेचा कृ. शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र महिनाभर उशाशी ठेवलं, म्हणून उत्तराला उशीर. रागावू नकोस. शकुनला शाळेत पाठवायचं नाही असं ठरलं आहे.

सासूबाईंचं म्हणणं, मुक्यांच्या शाळेत नाव घातलं की पोर मुकी ठरली. उद्या स्थळं यायची ती दारावरूनच परत जातील. इकडून असं म्हणणं झालं की कोर्टातल्या एका स्नेह्यांचा मुलगा फार अडखळायचा, त्याला खुशालराव मास्तरांनी श्लोक म्हणायला लावून सहा महिन्यांत मोकळा केला. तोच मुलगा यंदा स्नेहसंमेलनात घडाघडा बोलला. मास्तर रोज घरी येतील. घरच्या घरी, कुणाला कळायला नको.

आणि खरं सांगू का, दादा? मी भांडले असते तर कदाचित ऐकलंही असतं. पण माझाच जीव होईना. ती झोपेत माझा पदर मुठीत धरून ठेवते. तिकडे कुणाचा धरील?

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.
तुझी तारा

अमरावती, ता. २७ जून १९५७

चि. सौ. तारेस, अ. उ. आ.

आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय? अगं, त्या मुलाला ऐकू येत होतं. त्याची जीभ अडत होती, आणि अडखळणारी माणसं श्लोक म्हणताना अडखळत नाहीत. शकुनला ऐकूच येत नाही. वकीलसाहेबांनी एखाद्या अशिलाचा तरी याहून जास्त विचार केला असता. इंदूबाई दिवाळीपर्यंत जागा ठेवायला तयार आहेत, म्हणून पुन्हा लिहितो, पाठव. नाहीतर तिला न्यायला मी स्वतः येतो.

रागावलो आहे, तरी आशीर्वाद कमी नाहीत.
वसंतदादा

अकोला, ता. ३० ऑक्टोबर १९५७

ती. दादास, कृ. शि. सा. न. वि. वि.

दादा, आपली शकुन बोलली! दिवाळीत सगळ्यांसमोर दिव्यापुढे उभी राहून तिने अख्खं शुभंकरोति म्हटलं. उच्चार जरा जड आहेत, पण शब्द ओळखू येतात. सासूबाईंनी तिच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. आमच्याकडे कामाला येणारी पार्बताबाई तर, पोरगी बोलून राहिली ना बाई, असं आळीभर सांगत सुटली. इकडच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं.

मास्तर आरशासमोर बसवतात, तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून एकेक अक्षर काढून घेतात. एरवी मात्र हात पाठीमागे. हात चालले की जीभ बसते, असं ते म्हणतात. खूण केली की पट्टी, आणि घरातही कुणी खुणेला काही द्यायचं नाही. प्रथम फार रडली. तहान लागली की माठापाशी नुसती उभी राहायची, आणि मी तोंड फिरवून बसायची. आता श्लोक म्हटला की सगळं मिळतं हे तिला कळलं आहे. पाणी मागायला शिकवलं का, असं तू विचारशील. तेही येईल.

आता तरी रुसवा सोड आणि भाऊबीजेची राहिलेली ओवाळणी पाठव.
तुझी तारा

अकोला, ता. २३ जानेवारी १९५८

ती. दादास, शि. सा. न.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. घर बायकांनी भरलं होतं. शकुन माझ्याजवळ आली, हात पाठीमागे घेतले आणि शुभंकरोति म्हणू लागली. तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, गर्दीला लाजली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिने तो खाली टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा टाळ्या. असं ती किती वेळ म्हणत होती, दादा! शेवटी सासूबाईंनीच कौतुकाने तिला आत नेऊन निजवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशी पुवाने भिजलेली होती आणि अंग भाजत होतं. उजवा कान फुटला. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं दोन-तीन दिवसांचं आहे, मुलगी एवढी कळवळत असेल, तुम्हाला सांगितलं कसं नाही?

सांगत होती रे. तिला येत होतं तेवढं सगळं सांगत होती. आणि मी सगळ्या बायकांकडे अभिमानाने बघत होते.

आता उजव्या कानाशी थाळी वाजवली तरी ती वळत नाही. मास्तरांना येऊ नका म्हणून सांगितलं. इकडून आता कोर्टातून येऊन नुसतं बसणं होतं. तू इंदूबाईंना भेट. वय उलटायला अजून दोन महिने आहेत. मी तिला स्वतः आणून सोडते. माझ्या जिवाचा आता प्रश्नच राहिला नाही.
तारा

अमरावती, ता. २ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. तारेस, अ. उ. आ.

कसं लिहू ते कळत नाही. वर्ग नाताळातच बंद झाला. मुलं पुरेशी मिळाली नाहीत. इंदूबाई दारोदार फिरल्या. ज्या घरी जात तिथे सांगत, आमच्याकडे असं मूल नाही, आणि मूल आतल्या खोलीत असायचं. त्यांना आता चांदूर रेल्वेला साध्या शाळेत नेमलं आहे. मी तिथे जाऊन भेटलो. कान गेल्याचं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, निदान खुणा तरी परत सुरू करा, तेवढा एकच रस्ता राहिला आहे. मी न्यायला येणार होतो, आलो नाही. माझ्या कॉलेजातल्या परीक्षांचं निमित्त केलं.

तुझा,
वसंतदादा

अकोला, ता. ९ फेब्रुवारी १९५८

ती. दादास, शि. सा. न.

इंदूबाईंचा निरोप घरात सगळ्यांना वाचून दाखवला. सासूबाईंनीसुद्धा मान डोलावली. त्या दिवसापासून आम्ही सगळे तिच्याशी खुणांनी बोलू पाहतो. तिने खूण केली तर आता कुणी रागावणार नाही, एवढंच तिला सांगायचं आहे, आणि ते सांगायचं कसं हेच आम्हाला सुचत नाही. ती हात पाठीमागे घेऊन आमच्याकडे बघत राहते.

काल मी ओंजळ ओठांशी नेऊन पाण्याची खूण केली. ती घाबरून दाराकडे बघू लागली. मग धावत आली, माझे दोन्ही हात धरले आणि माझ्या पाठीमागे नेऊन घट्ट दाबून ठेवले.

वहिनींना नमस्कार. आमच्यासाठी देवाकडे काय मागायचं ते तूच ठरव.
तुझी तारा