हिरव्या खोळीतलं पुस्तक

प्रिय बाबा,

तुम्ही गेले, तुमच्या पुण्यानुमोदनाचा विधीही होऊन आठ दिवस झाले. आता लिहून राहिलो, कारण उद्या ग्रामसभा आहे, अन् मले तुमच्यावरच संशय आला होता.

तुमची पेटी उघडली. धम्माच्या पुस्तकांवर हिरव्या खोळीत झाकलेलं मराठी कुराण! लपवून काहून ठेवलं? आजोबानं छप्पन साली धम्म घेतला, अन् तुम्ही म्हातारपणी दुसरीकडे निघाले होते काय? मले एकच नाव सुचलं, सलीमभाई टेलर. रोज संध्याकाळी आसगावच्या चौकात त्याच्याच दुकानात बसत होते ना तुम्ही?

त्याच रागात मी सही केली. गावातले चौघं ग्रामसभेत द्यायचा कागद घेऊन आले होते, सलीमभाईचं दुकान चौकातून हटवा म्हणून. मी तो वाचलासुद्धा नाही. तुम्ही तर राशनचा कागदही दोनदा वाचत होते.

मग भांडाले गेलो. "माह्या बाबाले काय शिकवलं?"

त्यानं मशीन थांबवली. "तुह्या बाबाले कोन शिकवन रे? मीच म्हटलं होतं, आमच्या किताबात धर्माची जबरदस्ती नाही. तर म्हने, दाखव. म्हनून मराठीतली आनून देल्ली."

"मंग लपवली काहून?"

"लपवली नाही बेटा. खोळीत ठेवाची रीत आहे आमची. खोळ मीच शिवली."

गोड बोलते, असं वाटलं मले. घरी येऊन पानं तपासली. ते वाक्य सापडलं. बाजूले तुमची पेन्सिल: 'आहे खरं. मग लोक काहून विसरतात? सलीमले विचारणे.' पुढे एका ठिकाणी, देवानं ठरवलं असतं तर साऱ्यांची एकच जमात केली असती, अशा अर्थाचं काही होतं. तिथं तुम्ही लिहिलं, 'आसगावले लागू.' काही पानांवर नुसतं प्रश्नचिन्ह.

म्हणजे तुम्ही सलीमभाईची परीक्षा घेऊन राहिले होते! मले काहून नाही सांगितलं? एवढा कच्चा वाटलो मी? वाटलोच असेन.

सलीमभाईवर माझा पुरा विश्वास बसला, असं खोटं नाही लिहीत. पण उद्या तो कागद मी सभेत मोठ्यानं वाचीन, अन् साऱ्यांसमोर माझं नाव खोडीन. तुमचे उरलेले प्रश्न मीच विचारीन, त्याच्या दुकानातल्या तुमच्याच स्टुलावर बसून. त्यासाठी दुकान जागेवर पाहिजे.

तुमचा,
मिलिंद

(सही करण्याआधी हे पत्र दोनदा वाचलं.)