डावा गुडघा आणि पाचवा नंबर

मंगळवार, २३ सप्टेंबर. सिंदी (रेल्वे)

परदेशातल्या आइस हॉकीच्या एका वेबसाइटवर उद्या माझा लेख येणार. नव्या हंगामाआधी एका गटातल्या आठही संघांचा अंदाज, आणि खाली माझं नाव! आज संपादकाचा निरोप आला: गेल्या वर्षी पहिला आलेला संघ तुम्ही पाचवा टाकलाय. वर घ्या, लोक हसतील.

हसू देत. पंचवीस वर्षं मी कापसाची प्रत पारखतो, कोणी शिकवलं नाही. गाडीतला वरचा कापूस पांढराच असतो; मी हात तळाशी घालतो. या संघाचे विजय सगळ्यांनी पाहिले. मी त्यांचे पराभव पुन्हा पुन्हा पाहिले. गोलरक्षक डावा गुडघा बर्फावर उशिरा टेकवतो, गोल तिथूनच जातात. पण हे खरंच आहे, की मलाच दिसतं?

संध्याकाळी बायकोला, सुनंदाला, बोलावलं. "तुमाले बर्फ त गोळ्यातलाच माहीत," ती हसली. मी काही न सांगता मोबाइलवर चार गोल दाखवले. चौथ्याला तीच म्हणाली, "हा मानूस डावा पाय टेकवाले येळ काऊन लावून राह्यला? गुडघा दुखते का त्याचा?"

बस्स. संपादकाला कळवलं, पाचवाच राहील. त्याचं 'वर घ्या' एवढं मात्र ऐकलं. डावा गुडघा लेखाच्या शेवटी होता, तो वर घेतला. अगदी पहिल्या ओळीत.