दोन बोटांची फट

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे हातीपायी धड आहोत (डाव्या पायाचा अंगठा सोडून, त्याचं पुढे येईलच). तुमच्या डोळ्यांची पट्टी निघाली का? वहिनी हे पत्र वाचून दाखवतीलच. फोन मुद्दाम केला नाही, कारण फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला "गाढवा" म्हणता आणि पुढचं सांगायचं राहून जातं.

डॉक्टरांनी तुम्हाला यापुढे गाडी चालवायची नाही असं सांगितलं, तेव्हा इथून जाताना तुम्ही मला बजावलंत की, महिनाभरात बाबांच्या पिकअपवर मागचा नवा हौदा सरळ बसला तर गाडी ठेवू, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाकू. तर आधी निकाल सांगतो, म्हणजे वहिनींना पुढचं शांतपणे वाचता येईल. हौदा बसला. सरळ बसला. माझा जीव भांड्यात पडला. आता पडण्याआधी तो कुठे कुठे आपटला ते ऐका.

जुना हौदा काढायला घेतला तेव्हा बोल्ट कुठला आणि गंज कुठला हेच कळेना. शेजारचे सुतारकाका मदतीला आले (बोलावलं नव्हतं, पण पान्याचा आवाज ऐकून घरात बसेल तो माणूसच वेगळा). शेवटचा बोल्ट निघाला आणि तळाचा अर्धा पत्रा माझ्या अंगठ्यावर आला. नवा हौदा पत्रेवाल्याकडून सुटा आला होता: तळ, दोन बाजू, पुढची भिंत आणि मागचा फाळका. मला अर्धवट काम बघवत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे (वहिनी, ते हसत असतील तर जरा थांबा). म्हणून मी एकेक बोल्ट घातला की जीव खाऊन आवळायचो. शेवटची बाजू लावायला गेलो तर भोकं काही केल्या जुळेनात. सुतारकाका म्हणाले, हातोडा आण. मी म्हटलं, मोठा आणतो. तेवढ्यात तुमची भावजय शिवणयंत्रावरून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, आधी धावदोरा घालतात, मग शिलाई!" झालं, सगळे बोल्ट ढिले केले, चारही बाजू हलवून जागेवर आणल्या, मग आवळल्या. दहा मिनिटांत जुळलं. त्याआधी आमचे चार तास गेले होते, पण ते तिने आतापर्यंत तीनदाच बोलून दाखवलंय.

गल्लीतल्या सहा जणांनी हौदा उचलून गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चासीवर ठेवला. कॅबिन आणि हौद्यामध्ये दोन बोटं फट ठेव, हे तुमचं सांगणं मी पाठच केलं होतं. डावीकडे सुतारकाका उभे राहिले, उजवीकडे मी. त्यांनी बोटं घालून पाहिली, मी घालून पाहिली, दोघेही "दोन बोटं!" म्हणून ओरडलो आणि बोल्ट आवळून टाकले. मग मागे जाऊन बघतो तर काय, कॅबिन नाकासमोर बघतंय आणि हौदा शेजारणीकडे! सुतारकाका गाडीखाली शिरले, बराच वेळ हूं हूं केलं आणि बाहेर येऊन म्हणाले, हौद्याचा दोष नाही, चासीच वाकडी आहे.

चासी वाकडी म्हणजे गाडी गेलीच की हो. दादा, खरं सांगतो, दोन दिवस मला घास गोड लागला नाही. बाबांची गाडी माझ्या हातून भंगारात जाणार, तुम्ही माझ्यावर एक काम सोपवलंत आणि त्याचीही मी माती केली, हेच डोक्यात. मी अंगणात जायचंच टाळत होतो. भंगारवाला मात्र टाळत नव्हता. रोज सकाळी फाटकापाशी उभा राहून "काय, कसं काय?" विचारायचा, तेही माझ्याकडे न बघता, गाडीकडे बघून.

तिसऱ्या दिवशी सुतारकाका सांत्वनाला आले. तुमच्या भावजयीने चहा दिला, तर काकांचं बोट कपाच्या कानात शिरेना. तिने त्यांच्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "दोघेही हात पुढे करा." दादा, त्यांची दोन बोटं म्हणजे माझी चांगली तीन भरतात! चासी बिचारी सुतासारखी सरळ होती. मला इतकं हायसं वाटलं की मी सुतारकाकांना मिठीच मारली (त्यांच्या हातात चहा होता). मग एकाच फळीचे दोन सारखे तुकडे कापून दोन्हीकडच्या फटीत घातले, हौदा सरकवला, आणि अर्ध्या तासात आवळून मोकळे झालो. आता फाळका एका हाताने लागतो. पूर्वी लाथ घालावी लागायची.

वहिनींना नमस्कार. डोळ्यांत औषध वेळेवर घाला.

तुमचा,
धाकटा

ता. क. पत्र तुमच्या भावजयीने वाचलं. विचारते, शेवटी पाना कोणाच्या हातात होता ते का नाही लिहिलं? तिच्या हातात होता. मी बॅटरी धरली होती. दिवसा.

आणखी एक ता. क. भंगारवाल्याला मी कालच सांगून टाकलं की दादांनी गाडी विकायची नाही असं कळवलंय. तुम्ही कळवलेलं नाही. तेवढं आता कळवा.

अगदी शेवटचं. मग चालवणार कोण, असं तुम्ही विचारणारच. मी. बावन्नाव्या वर्षी शिकाऊ परवाना काढलाय. जन्मभर त्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलो, आधी बाबांच्या, मग तुमच्या. ड्रायव्हिंग स्कूलवाला पंधरा दिवसांत शिकवतो म्हणतो, पण मला तो नको. तुम्ही या, शेजारी बसा आणि गियर चुकला की बाबा तुमच्यावर ओरडायचे तसं माझ्यावर ओरडा. गाडी चालवायला डोळे लागतात, ओरडायला लागत नाहीत. फक्त एक करा, पहिल्या दिवशी मी गाडी फाटकातून बाहेर काढेन तेव्हा चष्मा घरात ठेवून या.