नळीचं आईपण

३ मार्च
स्तनपानाच्या सल्लागार बाई येऊन गेल्या. टिल्लीला दत्तक घेऊन घरी आणल्याला आठवडा झाला नाही, तोच आमच्या नवरोबांनी परस्पर यांना बोलावलं — दत्तक बाळालाही अंगावर पाजता येतं, असं कुठंतरी वाचलं म्हणे. बाईंनी पिशवीतून काढलं काय, तर गळ्यात अडकवायची इवलीशी बाटली आणि तिच्यातून निघालेली दोऱ्याएवढी नळी. बाटलीत पावडरचं दूध भरायचं, नळीचं टोक छातीवर चिकटपट्टीनं बसवायचं. बाळ ओढणार माझ्या अंगावरचं, पोटात जाणार डब्यातलं!

मी नाटकांसाठी खोट्या वस्तू बनवते. खोटी कलिंगडं, खोटे टेलिफोन, खोटं रक्त. पण ते पाचव्या रांगेतून खरं दिसलं की भागतं. इथं प्रेक्षक वस्तूलाच तोंड लावून बसणार.

४ मार्च
नको म्हणून सांगितलं. विषय संपला.

७ मार्च
संपला कुठला! सासूबाईंचं म्हणणं, नळी कशाला, पंप लाव, आपसूक दूध येईल. मोठ्या जाऊबाईंनी स्वतःचा पंप पाठवूनही दिला. मशीन घर्रघर्र करत राहिलं, बाटली कोरडी. सासूबाई दारातून डोकावल्या, "येतंय का गं?" मी काय नळ आहे, पाणी सुटलं का विचारायला? जाऊबाई फोनवर म्हणाल्या, चिकाटी ठेव, महिन्या-दोन महिन्यांनी थेंब येतात. थेंब! तेवढ्यासाठी स्वतःला यंत्राला जुंपायचं. पंप खोक्यात घालून परत पाठवला. सासूबाई फुगल्यात. फुगू देत.

१० मार्च
बाटलीनं पाजताना टिल्ली माझ्याकडं बघतच नाही. पंख्याकडं बघते, खिडकीकडं बघते. पोट भरलं की मान फिरवते — हॉटेलातल्या वेटरला तरी लोक मान हलवून दाद देतात. नवऱ्याच्या हातून पितानाही तिचं असंच, पण त्याला काही वाटत नाही.

मला भीती वाटते. हिला मी कधीच आई वाटले नाही तर? हे इथंच लिहिते, कुणाला सांगायची नाही.

११ मार्च
नळी कपाटात सापडली. बाई मुद्दाम विसरून गेल्या होत्या, वस्ताद आहेत. चिकटपट्टी अशी बसवली की नळी दिसूही नये, त्यात आपला हात कोण धरणार! आरशात पाहिलं: गळ्यात बाटली, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी. टिल्लीनं तोंड लावलं, क्षणभर थांबली आणि भोकाड पसरलं.

बरोबर आहे तिचं.

१२ मार्च
आज प्यायली. नवरा कौतुकानं बघत उभा. म्हटलं, तिकीट काढलंस का? गेला मुकाट्यानं.

१५ मार्च
आता रोज पिते. सल्लागार बाई फोनवर म्हणतात, बघा, जमलं की नाही! काय जमलं? दूध डब्याचं, नळी कंपनीची, मी नुसती खुंटी. उद्या नळी खुर्चीला चिकटवली तर ही खुर्चीलाही लागेल. नवऱ्याला असं म्हटलं, तर तो थकून म्हणाला, "मग बंद कर. कुणी जबरदस्ती केलीय तुझ्यावर?"

करतेच बंद. हा आठवडा संपला की साधी बाटली. नाटक पुरे झालं.

१७ मार्च
संध्याकाळी मी कामावरून आल्यावर टिल्ली कितीतरी वेळ अंगावर ओढत होती आणि ओढता ओढताच झोपली. बाटली बघते तर दूध जिथल्या तिथं! नळी तुंबलेली. त्या नळीला, कंपनीला, सल्लागार बाईंना, सगळ्यांना शिव्या घातल्या. पोर उपाशी झोपली म्हणून नवऱ्यावरही ओरडले.

तो म्हणाला, "उपाशी कुठली? तू यायच्या आधीच मी बाटली पाजली होती. भरपूर प्यायली."

म्हणजे तिला दूध नकोच होतं.